फेबिओ स्टुडिओ: होडीखालच्या एअरबॅगचं गणित करायला फुकटचं पण दमदार सॉफ्टवेअर

आधी निकाल सांगतो, सगळं वाचायला प्रत्येकाला वेळ असतोच असं नाही. रबर, कॅनव्हास, ताडपत्री, पीव्हीसी शीट असलं ताणलं जाणारं पातळ सामान हवा नाहीतर पाणी भरून फुगवायचं तुमचं काम असेल, आणि त्या सामानाचा गुण एका दिशेला एक नि दुसऱ्या दिशेला वेगळा असेल (कापड म्हटलं की असतोच), तर फेबिओ शिकून घ्या, वस्तूचे बारीक तुकडे पाडून प्रत्येकावरचा ताण काढणारं हे सॉफ्टवेअर आहे. पैसे पडत नाहीत, साध्या लॅपटॉपवर चालतं आणि या एका विषयात तरी महागड्या सॉफ्टवेअरच्या तोडीचं काम करतं. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कुठे कापला ते पुढे येईलच.

मी हे कशासाठी वापरतो ते सांगतो. रत्नागिरीत आमचं रबराचं वर्कशॉप आहे, आधी टायर रिमोल्डिंग करायचो, आता जास्त करून होड्या वर घ्यायच्या एअरबॅगा बनवतो नि दुरुस्त करतो. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद, त्यामुळे मे संपत आला की मिरकरवाडा, हर्णै, साखरीनाटे, देवगड, मालवण सगळीकडे एकच घाई, होड्या वर घ्या, शाकारा, इंजिन उतरवा. छोटी होडी दहाबारा माणसं ओढतात पण मोठ्या यांत्रिक नौकेला क्रेन लागते नाहीतर ओंडके आणि विंच. एअरबॅग म्हणजे रबराची लांबट पिशवी, आतमध्ये नायलॉन कॉर्डचे थर, दोन्ही टोकांना निमुळती, एका टोकाला लोखंडी तोंड आणि हवेचा व्हॉल्व्ह. होडीच्या बुडाखाली दोनचार पिशव्या सरकवायच्या, कॉम्प्रेसरने हवा भरायची, होडी उचलली जाते आणि पिशव्यांवरून गडगडत वर येते. बुडाला ओरखडा येत नाही आणि रेतीत ओंडका रुततो तशी ही रुतत नाही. मोठ्या जहाजांसाठी हे तंत्र चीनमध्ये पुढे आलं आणि त्याला २०११ सालचं आयएसओ १४४०९ हे स्टँडर्डसुद्धा आहे, म्हणजे काही जुगाड नाही, रीतसर इंजिनिअरिंग आहे.

आता मुद्द्यावर येतो. एक नाखवा आमच्याकडे पिशवी न्यायला आले तेव्हा म्हणाले, "अरे बाबा, फुगा तो फुगा, त्याला उभं-आडवं कसलं बघतोस?" वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या पोरांचंही तेच मत असतं. पण लांब गोल पिशवीत हवा भरली की घेराच्या दिशेने जो ताण येतो तो लांबीच्या दिशेच्या ताणाच्या बरोबर दुप्पट असतो, हे कुठल्याही मेकॅनिकलच्या डिप्लोमावाल्याला माहीत आहे. ८० सेंटीमीटर व्यासाची पिशवी घ्या, त्यात १०० किलोपास्कल दाब भरा, म्हणजे गॅरेजच्या भाषेत साडेचौदा पौंड हवा. घेराला मीटरमागे ४० किलोन्यूटन ताण येतो, म्हणजे मीटरभर रुंद पट्ट्यावर चार टनांच्या आसपास, आणि लांबीला मीटरमागे २०. मग सगळे काय करतात, घेराकडे कॉर्ड जास्त घालतात, लांबीकडे कमी, आणि हात झटकून मोकळे होतात. मोकळ्या पडलेल्या पिशवीसाठी ते बरोबरच आहे. होडी वर बसल्यावर काय होतं हे बघायला मात्र कोणी जात नाही, कारण ते कागदावर सरळ निघत नाही. फेबिओ मी घेतलं ते त्यासाठी.

आधी थोडं सॉफ्टवेअरबद्दल. हे मुळात शरीराच्या मेकॅनिक्ससाठी बनवलेलं आहे, स्नायूबंध, कूर्चा, रक्तवाहिन्या वगैरे. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या जेफ्री वाइस यांच्या गटाने ते उभं केलं, स्टीव्ह मास हे त्याचे मुख्य प्रोग्रॅमर, आणि कोलंबिया विद्यापीठाचे जेरार्ड अटेशियन सोबत आहेत. २०१२ साली त्यावरचा त्यांचा मुख्य पेपर आला. कोड खुला आहे, आता एमआयटी लायसन्सखाली, म्हणजे धंद्यात वापरलं तरी कोणाची हरकत नाही, आणि आमच्यासारख्या छोट्या वर्कशॉपला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. गणित करणारं इंजिन वेगळं आणि फेबिओ स्टुडिओ हा त्याचा चेहरा, त्यातच आकार काढायचा, मेश पाडायची म्हणजे त्या आकाराचे बारीक तुकडे (एलिमेंट) करायचे, मालाचे गुण भरायचे, रन मारायचा आणि रंगीत निकाल बघायचा.

शरीरासाठी बनवलेलं सॉफ्टवेअर होडीच्या पिशवीला कशाला, असं विचाराल. तर रक्तवाहिनी म्हणजे तरी काय, मऊ भिंतीत दोन तिरक्या दिशांनी गुंडाळलेले कोलॅजनचे धागे आणि आतून दाब. आमची पिशवी म्हणजे मऊ रबरात दोन तिरक्या दिशांनी गुंडाळलेली नायलॉन कॉर्ड आणि आतून दाब. गणित तेच, फक्त आकडे वेगळे. २००० साली होल्झापफेल, गॅसर आणि ऑग्डेन यांनी धमनीच्या भिंतीसाठी जे मॉडेल मांडलं ते फेबिओमध्ये तयार आहे. आणि ऐका, रबराच्या मोठ्या ताणाचं गणित ज्यांनी घडवलं त्यातले मेल्विन मूनी १९४० साली एका रबर कंपनीत काम करत होते आणि १९४८ साली रिव्हलिन यांनी ते पुढे नेलं तेही रबर उत्पादकांच्या संशोधन संस्थेतूनच. म्हणजे हे ज्ञान रबराच्या कारखान्यातून डॉक्टरांकडे गेलं आणि आता परत आपल्याकडे येतंय, मला तरी याचा फार आनंद होतो. दोडामार्गकडे रबराच्या बागा आहेत, रत्नागिरी-सिंधुदुर्गात इंजिनिअरिंगची पोरं आहेत, मग गणित बाहेरून का मागवायचं.

मी मॉडेल असं लावतो. भिंतीसाठी शेल एलिमेंट, म्हणजे पत्र्यासारखे पातळ तुकडे, त्याला जाडी द्यायची. पूर्ण सॉलिड विटांनी एवढी पातळ भिंत बांधायला गेलात तर लाखो एलिमेंट होतात किंवा मग त्या विटा इतक्या चपट्या होतात की उत्तर बिघडतं. माल म्हणून सॉलिड मिक्स्चर नावाचा प्रकार निवडतो, त्यात तळाला नियो-हूकियन म्हणजे साधं रबर, आणि त्यात वरून दोन फायबर कुटुंबं, म्हणजे एकाच दिशेला जाणाऱ्या धाग्यांचे दोन संच, टाकायची, एक अधिक कोनात, एक उणे कोनात. फेबिओमधलं हे फायबर फक्त ताण घेतं, दाबलं की काहीच घेत नाही, आणि दोरीचा खरा स्वभाव तोच आहे, दोरी ढकलता येत नाही. शिवाय फायबरचा ताण सुरुवातीला हळू आणि मग एकदम चढत जातो असा घातांकी नियम देता येतो. नवीन कॉर्डला पीळ असतो, विणीची वळणं असतात, ती सरळ होईपर्यंत ती सैल वाटते आणि मग आखडते, ते यात नेमकं बसतं. साधा एकच कडकपणाचा आकडा दिलात तर हे हरवतं. यापूर्वी आम्ही शहरातल्या एका डिझाईन करून देणाऱ्यांकडून रिपोर्ट घेतला होता, रंगीत चित्रं, स्पायरल बाइंडिंग, पण आत बघितलं तर रबर आणि कॉर्ड मिळून एकच आकडा, सगळ्या दिशांना सारखा. अशा मॉडेलमध्ये पिशवी सगळीकडून सारखी फुगते, खरी पिशवी तसं करत नाही.

दाबाबद्दल एक बारीक गोष्ट सांगतो कारण नवीन माणूस इथे चुकतो. दाब म्हणजे वजन नव्हे, तो नेहमी भिंतीला काटकोनात लागतो, आणि भिंत वळली, पसरली की दाबाची दिशा आणि तो ज्यावर लागतो ते क्षेत्रफळ दोन्ही बदलतात. फेबिओमधलं प्रेशर लोड हे आपोआप धरतं, भिंत हलेल तसं तेही हलतं. थोडंसं फुगणाऱ्या लोखंडी टाकीत याने काही फरक पडत नाही, रबरात पडतो आणि भरपूर पडतो.

आता कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, माझं म्हणणं आहे की उत्तर आधीच माहीत असलेलं गणित त्याला पहिलं घालायचं. तिरक्या दोऱ्यांच्या नळीला एक खास कोन आहे, अक्षापासून ५४.७ अंश. त्या कोनात दोऱ्या गुंडाळल्या तर घेराचा दुप्पट ताण आणि लांबीचा एकपट ताण दोन्ही दोऱ्याच बरोबर वाटून घेतात, रबरावर काही पडत नाही, आणि हवा भरल्यावर नळी लांबत नाही की आखडत नाही. कोन कमी ठेवला, समजा ४५, तर हवा भरल्यावर नळी जाड होते आणि आखूड होते. जास्त ठेवला, समजा ६५, तर बारीक होते आणि लांब होते. मी फेबिओमध्ये तिन्ही कोन चालवले, टोकं बंद केलेली साधी नळी घेऊन, आणि तिन्ही वेळा जसं व्हायला पाहिजे तसंच झालं, ४५ ची नळी डोळ्यादेखत आखडली. हे बघितलं तेव्हा माझा विश्वास बसला. आणि एक, दोन कुटुंबांपैकी एकच घातलं तर नळी फुगता फुगता पिळते. आमच्या हातच्या कामात एका दिशेचा एक थर जास्त पडला की खरी पिशवीसुद्धा तशीच पिळते, तोंडाच्या बोल्टाकडे बघितलं की कळतं, हवा भरताना तो हळूहळू एका बाजूला फिरत जातो. म्हणून सममिती धरून पाव पिशवीचं मॉडेल करायचं असेल तर आधी थर दोन्हीकडे सारखे आहेत याची खात्री करा, नाहीतर ते पाव मॉडेलच खोटं ठरतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. पिशवीवर होडी बसवली. मॉडेलमध्ये खाली एक कडक पाट, वर एक कडक पाट, मध्ये ८० सेंटीमीटरची पिशवी, वरचा पाट हळूहळू खाली आणायचा आणि पिशवी अर्ध्या उंचीवर, ४० सेंटीमीटरवर आणायची. पहिला अंदाज हाताने काढता येतो, कॉर्ड ताणतच नाही असं धरलं तर घेर तेवढाच राहतो, दोन बाजूंना अर्धगोल आणि मध्ये सपाट पट्टा. सपाट पट्ट्याची रुंदी येते ६३ सेंटीमीटर. आतली जागा उरते आधीच्या बरोबर पाऊणपट. व्हॉल्व्ह बंद आहे, हवा कुठे जाणार, म्हणून वातावरणासकट दाब जो २.०१ होता तो २.६८ बार होतो, म्हणजे गेजवर १०० किलोपास्कल दिसत होते तिथे १६७ दिसतात. मीटरमागे उचल होते १०५ किलोन्यूटन, साडेदहा टनांच्या वर. इथपर्यंत सगळे खूश असतात, काय जोर आहे बघा म्हणून.

पण ताण बघा. अर्धगोलाची त्रिज्या ४० ची २० सेंटीमीटर झाली, म्हणून दाब वाढूनसुद्धा घेराचा ताण ४० वरून ३३ वर उतरतो. आणि लांबीचा ताण २० वरून २५ वर चढतो. ज्या दिशेला सगळे कॉर्ड घालतात तिचा भार कमी झाला आणि ज्या दिशेला हात आखडता घेतात तिचा वाढला. गुणोत्तर दोनास एक होतं ते चारास तीन झालं. त्या गुणोत्तराला दोऱ्यांचा कोन पाहिजे ४९ अंश, ५४.७ नाही. मग ५४.७ ला अगदी शिस्तीत गुंडाळलेली पिशवी होडीखाली गेल्यावर काय करेल? लांब व्हायला बघेल, दोऱ्या अक्षाकडे वळायला बघतील, आणि मधलं रबर त्यांना धरून ठेवायला कातरलं जाईल. टोकाच्या निमुळत्या भागात, जिथे लोखंडी तोंड रबरात बसवलेलं असतं, तिथे ही ओढ जाऊन साठते. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या पिशव्या बघा, मधल्या पोटात फाटलेल्या कमी आणि तोंडाजवळ थर सुटलेल्या जास्त, आणि सगळे म्हणतात चिकटवण कमी पडली. चिकटवण कमी पडतही असेल, पण तिच्यावर ओढ कुठून येते ते या मॉडेलने मला दाखवलं.

हाताच्या हिशोबात आणि फेबिओच्या उत्तरात फरक आहेच. फेबिओ कॉर्ड खरोखर किती लांबते ते धरतं, त्यामुळे सपाट पट्टा जरा जास्त रुंद निघतो, आणि निमुळत्या टोकांमुळे ताण सगळीकडे सारखा नसतो, पोटाकडून टोकाकडे जाताना जिथे वळण बदलतं तिथे लांबीचा ताण सगळ्यात जास्त दिसतो. हे हाताने कधीच निघालं नसतं. बंद हवेचा दाब कसा चढत जातो तो आलेख मी स्वतः हिशोब करून लोड कर्व्हमध्ये भरतो, पाट किती खाली आला त्याप्रमाणे दाब किती, आणि रन झाल्यावर आतली जागा तपासून पुन्हा एकदा जुळवून घेतो. दोन फेऱ्यांत जुळतं.

आता मालाचे आकडे. इथे सॉफ्टवेअर कितीही चांगलं असलं तरी तुम्ही दिलेल्या आकड्यांवरच ते चालणार. आमच्या एका कापडवाल्याच्या कागदावर ताकदीचा एकच आकडा होता, कुठल्या दिशेचा ते लिहिलेलं नाही, फोन करून विचारलं तर "दोन्हीकडे सेमच आहे साहेब". टायर कॉर्डच्या कापडात दोन्हीकडे सेम कसं असेल, एका दिशेला जाड कॉर्ड आणि दुसऱ्या दिशेला ती धरून ठेवायला नुसता बारीक धागा! म्हणून सरळ स्वतः मोजायला लागा. ५ सेंटीमीटर रुंद पट्ट्या कापायच्या, एक कॉर्डच्या दिशेने, एक आडवी, एक ४५ अंशात. वरचं टोक लोखंडी पट्ट्यांत बोल्टाने घट्ट पकडायचं, मध्ये २० सेंटीमीटर अंतरावर शाईच्या दोन बारीक रेघा मारायच्या आणि खाली वजन लटकवायचं. ५० किलोची सिमेंटची गोणी लटकवली की ५ सेंटीमीटरच्या पट्टीवर मीटरमागे साधारण १० किलोन्यूटन ताण येतो, म्हणजे आपल्या पिशवीच्या घेराच्या ताणाचा चौथा हिस्सा, अंदाज यायला पुरेसा. वजन थोडं थोडं वाढवत रेघांमधलं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजायचं. पकडीच्या जवळचं अंतर धरू नका, तिथे कापड सरकतं. आणि पहिली ओढ धरू नका, रबर पहिल्यांदा ताणलं की नंतर कायमचं थोडं मऊ पडतं, म्हणून तीनचार वेळा ताणून सोडून मग मोजायला घ्या. ४५ ची पट्टी बघण्यासारखी असते, वजन चढलं की ती मधूनच अरुंद होते, चौकोनी वीण तिरकी होऊन हिऱ्यासारखी दिसायला लागते, आणि कॉर्डच्या दिशेची पट्टी त्याच वजनाला जेमतेम हलते.

याच्यापुढे जायचं असेल तर फुगवण्याची चाचणी करा. गोल भोकावर रबरकापडाचा तुकडा चारी बाजूंनी आवळायचा, त्यावर आधी गोल-गोल रेघा काढून ठेवायच्या आणि खालून हवा सोडायची. साधं रबर असेल तर ते गोल गोलच राहतात, नुसते मोठे होतात. कॉर्डवालं असेल तर गोलाचा लंबगोल होतो, मऊ दिशेला लांबट. त्या लंबगोलाच्या दोन बाजू मोजल्या की मॉडेल जुळवायला इतकी चांगली माहिती मिळते की पट्ट्यांमधून तेवढी मिळत नाही, कारण पिशवीत माल दोन्ही दिशांनी एकदमच ताणला जातो, पट्टीत एकाच. फेबिओमध्ये हाच गोल तुकडा मॉडेल करून लंबगोल जुळेपर्यंत फायबरचे आकडे फिरवायचे. मला या सगळ्या कामातला हा सगळ्यात आवडता भाग. समोर टेबलावर खरा तुकडा फुगलेला, शेजारी स्क्रीनवर तोच, आणि दोघांचे लंबगोल एकमेकांवर बसतात.

अडचणी काय येतात तेही लिहितो. सपाट तुकडा फुगवायला घेतलात तर पहिल्याच पायरीला गाडी अडते, कारण सपाट पातळ पडद्याला आडवा जोर घ्यायची ताकदच नसते, ती ताणल्यावर येते. हे गणिताचंच आहे, कुठलंही सॉफ्टवेअर घ्या तेच होणार. त्यावर दोन उपाय, शेलची वाकण्याची जराशी ताकद वापरायची आणि पहिल्या पायऱ्या एकदम बारीक ठेवायच्या, नाहीतर आधी कडा थोड्या बाहेर ओढून पडदा ताठ करायचा आणि मग दाब सुरू करायचा. निगेटिव्ह जॅकोबियन असा लाल मेसेज आला की घाबरू नका, एखादं एलिमेंट उलटं झालंय इतकाच त्याचा अर्थ. ऑटो टाइम स्टेपर चालू ठेवा, तो स्वतःच पायरी कापून पुन्हा प्रयत्न करतो. तरी अडलं तर बहुतेक मेशच जाड असते किंवा कॉन्टॅक्टचा पेनल्टी आकडा, म्हणजे पिशवी पाटात घुसू नये म्हणून दिलेला कडकपणा, फार मोठा दिलेला असतो.

कॉर्ड नसलेलं नुसतं रबर फुगवताना आणखी एक गंमत आहे. नियो-हूकियन रबराचा गोल फुगा व्यासाने मूळच्या १.३८ पट झाला की दाब शिखरावर पोचतो आणि त्यापुढे दाब कमी होत असतानाच तो फुगत जातो. लहानपणी फुगा फुगवताना सुरुवातीलाच गाल दुखतात नि मग तो सहज मोठा होतो, तेच हे. मॉडेलमध्ये तुम्ही दाब वाढवतच राहिलात तर त्या शिखराच्या पलीकडे त्याला उत्तरच नाही आणि गणित करणारं इंजिन थांबतं. अशा वेळी दाबाऐवजी आतल्या जागेवर ताबा ठेवून फुगवावं लागतं. कॉर्डवाल्या पिशवीत ही भानगड येत नाही, कॉर्ड आखडते आणि दाब चढतच राहतो.

सुरकुत्या हा मात्र अवघड विषय. पातळ पडदा दाबला की तो दाब घेत नाही, सुरकुततो. पिशवीच्या निमुळत्या टोकाला, होडी चढल्यावर, खरोखर सुरकुत्या पडतात. फेबिओमध्ये त्या दिसायला मेश इतकी बारीक लागते की रन रात्रभर चालतो, आणि जाड मेशमध्ये ज्या दोनचार ढोबळ सुरकुत्या दिसतात त्यांची संख्या नि जागा खरी धरू नका. ताण कुठे शून्याच्या खाली जातोय ते बघा आणि तिथे सुरकुती पडणार एवढंच समजा, कामापुरतं पुरतं.

अर्धा तारा कापला तो इथे. मॅन्युअल सविस्तर आहे, थिअरीचं वेगळं, वापराचं वेगळं, आणि दोन्ही मनापासून लिहिलेली आहेत, पण उदाहरणं सगळी गुडघा, कूर्चा, हृदय यांची. कापड, रबर, पिशवी यावरचं काही आयतं मिळत नाही, ते आपणच जुळवायचं. एककांचंही तसंच, आकडे आपण आपल्या मनाने एकाच पद्धतीत भरायचे, मी मिलिमीटर, न्यूटन आणि मेगापास्कल धरतो, जाडी मिलिमीटरात आणि दाब किलोपास्कलमध्ये टाकलात तर उत्तर हजारपट चुकणार. आणि इंग्रजी वाचायची तयारी पाहिजे. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या पोराला महिनाभरात जमेल, पण आठ दिवसांत जमवायच्या फंदात पडू नका.

दुसरे पर्याय लोक विचारतात. अबॅकस (Abaqus) हे याच कामाचं विकतचं सॉफ्टवेअर उत्तम आहे, मोठ्या कंपन्यांत तेच चालतं, पण लायसन्सचा खर्च छोट्या वर्कशॉपला झेपणारा नाही. कॅल्क्युलिक्स फुकट आहे, एमटीयू या विमान इंजिनं बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी, गुइडो धोंट आणि क्लाउस विटिग यांनी बनवलेलं, त्याची फाइल अबॅकससारखीच लिहायची असते, त्यामुळे ज्यांनी कॉलेजात अबॅकस केलंय त्यांना ते जवळचं वाटेल. लोखंडाच्या कामाला मी तेच सुचवेन. पण मऊ माल आणि तिरक्या दिशांचे धागे म्हटलं की माझं मत फेबिओला, कारण धाग्याची दिशा द्यायची सोय त्यात फार चांगली आहे, दंडगोलाच्या हिशोबाने द्या, वेक्टरने द्या, प्रत्येक एलिमेंटच्या बाजूने द्या. पिशवीच्या निमुळत्या टोकात कॉर्डचा कोन जागोजाग बदलत जातो, तिथे याचा खरा उपयोग होतो.

मशीनचं म्हणाल तर आठ जीबी रॅमवाला लॅपटॉप मध्यम मेशला पुरतो. पावसात आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा मोठा रन असेल तर इन्व्हर्टरवर लावा आणि निकाल प्रत्येक पायरीला फाइलमध्ये लिहायचं सेटिंग चालू ठेवा, म्हणजे अर्ध्यावर बंद पडलं तरी तोवरचं हातात राहतं.

आणि एक कळकळीने सांगतो, मॉडेल झालं म्हणजे चाचणी टळली असं नाही. नवीन पिशवीची दाबाची चाचणी हवेने करू नका, पाण्याने करा. पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही म्हणून फाटलं तर नुसतं वाहून जातं, हवा दाबलेली असते, ती फाटली की लोखंडी तोंड तोफेच्या गोळ्यासारखं सुटतं आणि समोर माणूस असतो. होडी चढवताना कोणीही पिशवीच्या टोकासमोर उभं राहायचं नाही, हे खलाशांना आधी सांगा आणि मगच व्हॉल्व्ह उघडा. जांभ्याचे टोकदार दगड, बुडाला चिकटलेली कालवं, हे मॉडेलमध्ये नसतं, ते आधी तासून काढा, जागा झाडून घ्या. एक धारदार शिंपला सगळं गणित फाडून टाकतो.

आमच्या नवीन पिशव्यांत आता लांबीच्या दिशेला एक थर जास्त जातो आणि टोकाकडे कॉर्डचा कोन हळूहळू कमी करत नेतो, मधल्या पोटात ५२-५३ च्या आसपास ठेवून. मोकळी असताना हवा भरली की ही पिशवी किंचित आखडते, आणि गिऱ्हाईक विचारतं लांबी कमी का झाली. मी त्यांना लॅपटॉपवर दाखवतो, मोकळी पिशवी, मग होडीखालची पिशवी, टोकाजवळचा जास्त ताणाचा लाल पट्टा जुन्या डिझाईनमध्ये केवढा आणि नवीनमध्ये केवढा. त्या नाखव्यांनीही स्क्रीनला बोट लावून विचारलं, "म्हणजे फाटायची ती इथूनच काय?" हो नाखवा, इथूनच. आता तोंडाच्या लोखंडी कड्याजवळ रबर आणि धातूमधला चिकट थर वेगळा धरून मॉडेल करतोय, त्यासाठी कोहेसिव्ह पद्धतीचा कॉन्टॅक्ट, म्हणजे चिकटवण किती ओढीला सुटते ते धरणारा जोड, लागतो आणि त्याचे आकडे मिळवायला सोलण्याची चाचणी करावी लागते. कोणी कोकणात रबर-धातू चिकटवण मोजायचं काम केलं असेल तर पकड कशी केली, सोलण्याचा कोन किती ठेवला, हे खाली नक्की लिहा.